भिंतीवरचं चित्र काढून झालं पाहिजे

दादूस,

एस्टी थांब्यावर तुझा फ्लेक्स लावलाय. फोटो बरा आहे, माझ्या मेघनाच्या साखरपुड्यातला, टोपी घातलेला. खाली मोठ्या अक्षरांत ‘भावपुर्ण श्रद्धांजली’. पु ऱ्हस्व. तेरा दिवस मी त्या फ्लेक्सखालून जातेयेतेय आणि तेरा दिवस माझा हात पर्समधल्या पेनाकडे जातोय. तू असतास तर म्हणाला असतास, जा बाय, चढ शिडीवर. नाही चढले. अख्खा जन्म तुझ्या चुका काढण्यात गेला, आता तुझ्या मरणाच्याही काढत बसू का?

शोकसभेत सगळे चांगलं बोलले. तू कसा मनमिळाऊ होतास, कसा कलावंत होतास. मला बोलायला उभं केलं तर माझ्या तोंडून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, बहिणीचा कंठ दाटला. दाटला होता, पण नुसता दुःखाने नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची होती आणि चार वर्षं मी ती गिळून बसले होते. काल तुझं तेरावं आटोपल्यावर मी ती पंचायतीच्या सुधाकरला जाऊन सांगितली. त्यावर त्याने मला जे सांगितलं, ते ऐकल्यापासून जिवाला स्वस्थता नाही. पण क्रमाने सांगते. पोरांना निबंधात क्रमाने लिहा म्हणून छड्या मारल्या, तर आपणही तो नियम पाळावा.

तू पेंटर आणि मी मराठीची बाई. मिठागरावर टोपल्या वाहणाऱ्या आयेच्या पोटी ही दोन रत्नं कशी निपजली, हे तिचं तिलाच कळत नसे. न्हावा-शेव्याला जाणाऱ्या ट्रेलरांच्या पाठीवर तू गरुड काढायचास, कमळं काढायचास आणि खाली झोकात लिहायचास, ‘आईचा आशिर्वाद’. शि ऱ्हस्व. मी सांगून सांगून थकले की शी दीर्घ. तू म्हणायचास, आयेचा आशीर्वाद मिळाला म्हणजे झाला, ऱ्हस्व मिळो नायतर दीर्घ. लग्नघरांच्या भिंतींवर दाराच्या दोन्ही अंगांना तुझे केळीचे खांब, मधे गणपती, खाली नवरा-नवरीची नावं. एकदा मी नवऱ्याच्या आईसमोर तुला ‘शूभविवाह’मधला शू दुरुस्त करायला लावला. तू मुकाट्याने केलास, आणि घरी येऊन आठ दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाहीस. तेव्हा मला वाटलं, काय हा तिरसट माणूस. आता वाटतं, चारचौघांत तोंडघशी पाडण्याची मला भारी हौस होती.

मग स्टिकर आले, फ्लेक्स आले, नंबरप्लेटसुद्धा छापून यायला लागल्या, आणि तुझे ब्रश रॉकेलच्या डब्यात वाळून काठी झाले. कुरकुर म्हणून तू कधी केली नाहीस. संध्याकाळी माझ्याकडे येऊन पायरीवर बसायचास, चहा प्यायचास आणि समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रेलरांच्या पाठी बघायचास. एखाद्यावर जुना गरुड दिसला की नुसतं म्हणायचास, “आपला.”

अशात मेघनाचं बाळंतपण आलं, तेही फ्रान्समधल्या ल्योन शहरात. हे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी एकटी कशी जाणार म्हणून मेघनानेच सुचवलं, मामाला घेऊन ये. तू सडाफटिंग, तुला अडवणारं कोण होतं? तू थांब्यावर उभा राहून जगाला सांगत सुटलास की आम्ही ल्योनला चाललो. चहावाल्याला ऐकू आलं लोणेरे, आपलं महाडच्या वाटेवरचं. तो म्हणाला, लोणेऱ्याला जायला पासपोर्ट कशाला काढलात, म्हाडची एस्टी पकडा की. हे तू मेघनाच्या सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर तीनदा सांगितलंस. तिन्ही वेळा त्या हसल्या, हा त्यांचा मोठेपणा.

तिथे गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तू पाव आणायला म्हणून गेलास आणि दोन तासांनी उगवलास. मी काळजीने अर्धी झालेले, मेघना पोटाला हात लावून दारात उभी, आणि तू काखेत तो हातभर लांब पाव धरून म्हणतोस, “बाय, इथं भिंतीला सोडलेलं नाय कोनी.” त्यानंतर तीन महिने आपला तोच उद्योग. नात झाली, तिला दुपारी झोप लागली की मेघना आपल्याला घराबाहेर काढायची, जरा हवा खाऊन या म्हणायची. मी तिचा जुना कोट घालायचे, तू जावयाचा. त्याच्या बाह्या तुझ्या बोटांवर यायच्या. आणि आपण दोघं म्हातारी चढावरच्या गल्ल्यांतून भिंती बघत हिंडायचो.

खरं सांगते, पहिल्या दिवशी मला ते सगळं भिंती विद्रूप करणंच वाटलं. फवाऱ्याने मारलेली फुगीर अक्षरं, कुणाच्या दारावर डोळा, कुणाच्या पन्हळीमागे उंदीर. मी म्हटलं, यांना कुणी घरचे विचारत नाहीत का? तू उत्तर द्यायच्या फंदात न पडता भिंतीला नाक लावलंस. गिलावा कसला, रंग किती जाड, पावसाचं पाणी कुठून उतरतं, हे तू आधी बघायचास आणि चित्र मग. एका गल्लीत एक पोरगी घडीच्या शिडीवर चढून कागदावर काढलेलं बाईचं चित्र खळ लावून भिंतीला चिकटवत होती. खळ बघून तुझा जीव केवढा सुखावला. आपल्याकडे सिनेमाची पोस्टरं चिकटवायचे तीच, म्हणालास, आणि न विचारता जाऊन तिची शिडी धरलीस. ती तिच्या भाषेत बोलत होती, तू आगरीत. कागदाखाली हवेचे फुगे राहात होते. तू खिशातला रुमाल काढून तिला दाखवलंस की मधून कडेला पुसत जायचं. तिने तसं केलं आणि तुझ्याशी हात मिळवला. तुझी छाती त्या कोटात मावेना. मला हेवा वाटला, हेही आज सांगून टाकते. मी शाळेत फ्रेंच शिकायला हवं होतं असं वाटलं, आणि तुझं काही न शिकताच भागत होतं.

त्याच गल्लीत पुढच्या आठवड्यात नगरपालिकेचा माणूस पाण्याचा जोराचा झोत मारून भिंत धूत होता, आणि तुझी ती कागदाची बाई लोंबत होती. तू तिथेच थांबलास. मी म्हटलं, बरोबर आहे, भिंत ज्याची त्याला विचारून काढावं. तू म्हणालास, भिंत घरमालकाची आतून असते, बाहेरून ती रस्त्याने जानाऱ्याची. मी म्हटलं, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? घरी येईपर्यंत आपण भांडलो. मेघनाने दार उघडलं तेव्हा तू सांगत होतास की आयेने मिठागराच्या झोपडीला शेणाने सारवून चुन्याची बोटं उमटवली होती, तेव्हा शेटला विचारलं नव्हतं. तो वाद तसाच राहिला. आजही मला वाटतं मी कायद्याने बरोबर होते, पण आये तुझ्या बाजूने होती.

आणि मग ती मोठी भिंत. टेकडीवरच्या चौकातली, पाच मजली, जिच्यात खरी म्हणून एक खिडकी नाही. नुसता मधोमध वर चढत जाणारा रुंद जिना, दोन्ही बाजूंना घरं, दुकानं, खिडक्यांत माणसं. मी कोपऱ्यावर येऊन तो जिना बघितला आणि तिथल्या बाकावर बसकण मारली. माझ्या गुडघ्याची तुला कल्पना होतीच. मी म्हटलं, दादूस, इतक्या पायऱ्या मला नाही जमायच्या, तू वर जाऊन ये, मी इथे बसते. तू माझ्याकडे बघितलंस, जिन्याकडे बघितलंस, आणि इतका हसलास की कुत्रं घेऊन चाललेली एक म्हातारी थांबून तुला पाणी देऊ लागली. सगळा जिना रंगवलेला होता. गावी परतल्यावर ही गोष्ट तू सांगितली नाहीस असं एक घर उरलं नसेल. बाई जिना चढायला घाबरली, आणि जिना भिंतीवर. मी चिडायचे. पण दादूस, पन्नास वर्षं मी तुझं लिहिणं तपासलं होतं, त्या दिवशी पहिल्यांदा मला चित्र म्हणजे काय ते कळलं. हे मी तुला तिथेच, त्या बाकावर सांगायला हवं होतं. मी म्हटलं, चल, बाळ उठलं असेल.

रात्री जेवताना मेघनाने सांगितलं की त्या भिंतीवरची माणसं त्या वस्तीतलीच आहेत, आणि काही वर्षांनी भिंत पुन्हा रंगवतात तेव्हा त्याच माणसांना वय वाढलेलं दाखवतात. पोरगा असलेला बाप्या होतो, काळे केस पिकतात. तुझा घास हातातच राहिला. तिसऱ्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन म्हणालास, आपल्या थांब्यासमोरच्या मिठाच्या गोदामाला रस्त्याच्या अंगाला एकपन खिडकी नाय.

परत आल्यावर महिन्याभरात तू परांची बांधलीस. मी पंचायतीची सदस्य होते, ठराव मांडला, मंजूर झाला. तू रंग चढवायला लागलास तशी एस्टीला थांबणारी माणसं एस्टी सोडून बघत राहिली. तू गोदामाला जिना काढलास, आपल्या धक्क्याच्या पायऱ्यांसारखा, खालून हिरवा शेवाळलेला. बाजूला खिडक्या, खिडक्यांत आपलं गाव. कोळंबी सोलणारी शेजारीण. लाल पेन घेऊन वह्या तपासणारी मी, कपाळाला आठ्या. अगदी खाली, पंचायतीच्या दारात खुर्चीवर बसून झोपलेला आपला शिपाई सुधाकर, तोंड उघडं, मांडीवर शिक्का. त्या चित्राला सगळं गाव हसलं. सुधाकरही हसला. माझाच विद्यार्थी तो, सातवीपर्यंत दुसऱ्या बाकावर बसायचा.

आणि जिन्याच्या टोकाला, सगळ्यात वर, आये. डोक्यावर मिठाची टोपली, एक पाय वरच्या पायरीवर, मान जराशी वळवून मागे बघणारी. आपल्याकडे तिचा एकही फोटो नाही. तिने काढूच दिला नाही, फोटोने आयुष्य कमी होतं म्हणायची. तू आठवून आठवून काढलीस. मी खालून ओरडायचे, नाक एवढं बसकं नव्हतं. तू वरून ओरडायचास, तुला काय म्हाईत, तू तिच्याकडं पुस्तकाच्या वरून बघायचीस. तीनदा पुसलीस. चौथ्यांदा शुक्रवारी सकाळी मी थांब्यावर आले, तू गोणपाट बाजूला सारलं होतंस, वर बघितलं आणि पिशवी हातातून सुटली. आये होती ती. माझ्याकडे बघून ‘जेवलीस काय’ विचारणारी. पोरांनी त्याआधीच मोबाईलवर भिंतीचे फोटो काढले होते, पण वरच्या भागासमोर परांचीचे बांबू आणि गोणपाटं होती. त्यात तिची नुसती पावलं आलीत.

आता ती चिठ्ठी.

सोमवारी तालुक्याची माणसं स्वच्छतेच्या पाहणीला यायची होती. तुझा खालचा पट्टा आणि कडेच्या दोन खिडक्या बाकी होत्या. तू डोळे तपासायला शनिवार-रविवार पनवेलला जाणार होतास, मी पेणला हळदीला. मला वाटलं, तू आल्यावर सामानासाठी खोळंबा नको. म्हणून त्याच शुक्रवारी दुपारी मी सुधाकरच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. शब्द न् शब्द पाठ आहे. ‘सोमवारी पाहणी आहे. त्याआधी गोदामाच्या भिंतीवरचं चित्र काढून झालं पाहिजे. चुना, ब्रश, लागेल ते सामान द्यावं. माणसं लागली तर घ्यावीत.’ खाली माझी सही.

मला म्हणायचं होतं की तुझं चित्र पुरं व्हायला हवं, आणि चुना त्या खालच्या पट्ट्यासाठी. पण आपण चित्रही काढतो आणि डागही काढतो. ‘भिंतीवर चित्र’ लिहिलं असतं तर प्रश्न नव्हता. मी लिहिलं ‘भिंतीवरचं’. ‘ध’चा ‘मा’ कसा झाला हा धडा मी वर्गात किती रंगवून शिकवायचे, आणि माझ्या हातून एक ‘चं’ जास्त पडला.

रविवारी संध्याकाळी मी पेणहून आले तेव्हा तू थांब्यावर उभा होतास, पाठीवर पनवेलची पिशवी तशीच. भिंत पांढरी. वरवर पांढरी नाही, तारेच्या ब्रशने खरवडून मग दोन हात चुना, शाळेत मी शिकवलं तसं नीटनेटकं काम. तू ओरडला नाहीस. सुधाकरला हाक मारलीस, कुणी सांगितलं विचारलंस. तो म्हणाला, पंचायतीतनं चिठ्ठी आली. तू विचारलंस, कुणाची? सुधाकरने माझ्याकडे बघितलं. दादूस, मी भिंतीकडे बघितलं. मग तो म्हणाला, पंचायतीची.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तू मारणार नव्हतास, शिव्या देणार नव्हतास, बहुतेक तू हसलाही असतास. पण थांब्यावर वीस-पंचवीस माणसं होती आणि मी मराठीची बाई होते. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तू परांची सोडत होतास. मी जवळ आले तर तू म्हणालास, “गावाला नको तर आयेला कशाला भिंतीवर चढवू?” मी खाली पडलेले बांबू कडेला लावू लागले. आयेला मीच पुसलं होतं ना. आठवडा गेला, वर्ष गेलं. तू पुन्हा ब्रश हातात घेतला नाहीस. सरपंच स्वतः येऊन म्हणाले, पुन्हा काढा. तू म्हणालास, आता डोळं बरं नाहीत. डोळे चांगले होते तुझे. चालत्या ट्रेलरवरचा गरुड ओळखायचास.

आणि चार वर्षं आपला एकच वाद. तू म्हणायचास, पंचायतीने सांगितलं असेल, पण सुधाकरला ते गोड लागलं, त्यानं जानून केलान. त्याच्याशी बोलायचास नाहीस, त्याने वाकून नमस्कार केला तरी पुढे जायचास. मी त्याची बाजू घ्यायचे. जीव तोडून घ्यायचे. म्हणायचे, दादूस, तो साधा पोर आहे, सांगितलं तेवढं करतो, मी शिकवलंय त्याला, मला माहीत आहे. त्यावर तू एकदा पायरीवर कप ठेवलास आणि म्हणालास, “तू त्याला शिकवलंस, मी त्याचं तोंड काढलंय. मना जास्ती म्हाईत.” मला तुझा राग आला. एका गरिबावर उगाच आळ घेतोस म्हणून. आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण तो आळ माझ्यामुळे होता. मी गप्प राहून दोन माणसांत वैर लावलं असं मला वाटायचं. सुधाकर माझं नाव न घेता सोसतो, केवढं त्याचं मन, असं वाटायचं. दिवाळीला मी त्याच्या घरी फराळाचा डबा थोडा जास्तच भरून पाठवायचे.

काल तेराव्याला त्याने बाकडी वाहिली, पाणी भरलं, आणि पंगतीला न बसता गेला. मला ते बघवलं नाही. दुपार कलल्यावर मी त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने चहा टाकला. मी म्हटलं, सुधाकर, ती चिठ्ठी चुकीची लिहिली मी. दादूसला सांगायची हिंमत झाली नाही. तुझ्यावर आळ येऊ दिला. मला माफ कर. एवढं बोलून मी रडले. पोटभर रडले, तुझ्यासाठीही तोवर तशी रडले नव्हते.

तो उठला, दार लोटून आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला.

“बाई,” म्हणाला, “चिठ्ठी मला कळली होती.”

मग त्याने सांगितलं. त्याचं लग्न जमत होतं, त्या रविवारी मुलीकडची माणसं त्याचं घर बघायला येणार होती. एस्टीतून उतरलं की समोर पहिला तो, तोंड उघडं टाकून झोपलेला. त्याने दोन रात्री विचार केला. शनिवारी पहाटे जाऊन त्याने फक्त स्वतःला पुसलं. पण तेवढाच पांढरा चौकोन असा दिसायला लागला की येणारा जाणारा विचारणार, इथे कोण होतं? म्हणून शेजारची खिडकी पुसली. मग तिच्या वरची. तेव्हा त्याला खिशातली माझी चिठ्ठी आठवली. ती पुन्हा वाचली आणि त्याच्या लक्षात आलं की ही दुसरीकडूनही वाचता येते. त्याने दोन माणसं बोलावली, त्यांना चिठ्ठी दाखवली. वरच्या आजीपाशी माझा हात थांबला होता, म्हणाला. पण खाली सगळं पांढरं झालं होतं, एकट्या तिला ठेवून काय सांगणार होतो? रविवारी संध्याकाळी थांब्यावर तुम्ही भिंतीकडे बघितलंत, बाई. मला वाटलं तुम्हाला सगळं समजलंय आणि तुम्ही मला पाठीशी घालताय. म्हणून मीही तुमचं नाव घेतलं नाही.

त्याची बायको कप घेऊन आली होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, मला ती पांढरी भिंत आठवते ना, एस्टीतनं उतरले आणि आईला म्हटलं, काय हे ओसाड गाव, एक माणूस दिसत नाही. सुधाकरने मान खाली घातली. मी चहा प्यायले. चहाला नाही कशी म्हणणार होते?

घरी येताना क्षणभर, खोटं कशाला सांगू, मला हलकं वाटलं. माझ्या ‘चं’ने आये गेली नव्हती. मग मी थांब्यावर आले, भिंतीसमोर उभी राहिले आणि हलकं वाटणं तिथेच संपलं. तू बरोबर होतास, दादूस. त्याने जाणूनच केलं होतं, आणि तुला ते त्याच्या तोंडावरून कळलं होतं. मी शाळेच्या पुस्तकातून माणसं वाचली, तू ती रेघेरेघेने काढलीस. तुला फक्त एकच गोष्ट माहीत नव्हती, की ती चिठ्ठी पंचायतीची नव्हती. ती माझी होती आणि तिच्यात चित्र पुरं करा असं लिहिलं होतं. तेवढं मी त्या संध्याकाळी म्हटलं असतं, तर तू चिठ्ठी हातात घेऊन एकदा वाचली असतीस, माझी पहिलीवहिली चूक सापडली म्हणून थांबाभर नाचला असतास, सुधाकरचा कान धरून त्याचे केस विंचरून चित्र काढायचं कबूल केलं असतंस, आणि मंगळवारी पुन्हा परांचीवर असतास. आयेचं नाक पुन्हा चुकलं असतं, मी पुन्हा खालून ओरडले असते.

गावाने तुला नको म्हटलं, हे मनात धरून तू गेलास. गावात तसं कुणीच म्हटलं नव्हतं. हे तुला सांगू शकेल अशी साऱ्या गावात एकच बाई होती, आणि ती चार वर्षं रोज संध्याकाळी तुझ्या शेजारी पायरीवर बसून चहा पीत होती.